एक वस्तू, एक गाणं, एक सिनेमा

"हात पुढे कर," मिस ओझेला म्हणाली.

लमारनं मक्याच्या पावाचा तुकडा बशीत ठेवला, बोटं पँटला पुसली आणि निमूट हात पुढे केला. आपण एका रेडिओ स्टेशनचे मॅनेजर आहोत, टाय लावून आलो आहोत, हे त्याच्या डोक्यातून पार गेलं. लहानपणी याच स्वयंपाकघरात, याच आवाजात सांगितल्यावर त्यानं नखं दाखवली होती. ओझेलानं भिंतीतला हीटरचा प्लग उपटला आणि सरळ त्याच्या तळहातावर ठेवला.

"आई गं," लमारनं हात झटकला. "केवढा तापलाय."

"दीड तास चालू होता. थंडीत माणसं रात्रभर चालू ठेवतात." तिनं पायानं खुर्ची बाजूला सारली. "आता इकडे बघ."

भिंतीवर, प्लगच्या जागेच्या वर, तळहाताएवढा डाग पडला होता. मधे काळा, कडेला तपकिरी.

"पुसून बघ हवं तर. निघत नाही. रंग आतून करपलाय."

लमारनं पुसून बघितलं नाही. तो पुन्हा खुर्चीत बसला. "तुमच्या घरातल्या तारा जुन्या झाल्यात, मिस ओझेला. त्याला हीटर काय करणार?"

"जुन्या आहेतच. नदीच्या या बाजूला नव्या तारांचं एक घर दाखव मला. ज्यांच्या घरात नव्या तारा आहेत, ते माझा कार्यक्रम ऐकत नाहीत, बाळा."

लमारनं बशीतला पाव उचलून खाल्ला.

ओझेला ट्रिबल सहासष्ट वर्षांची होती. एकतीस वर्षं तिनं सॅगिनॉ गावच्या हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी धुतल्या, वाळवल्या, घड्या घातल्या. ते तिचं पोटाचं काम. पण गावाच्या पूर्व भागात तिला ओळखत होते ते शनिवारमुळे. दर शनिवारी सकाळी आठ ते नऊ ती रेडिओवर असायची, आणि या गोष्टीला आता सव्वीस वर्षं झाली होती. तिथल्या घरांमधे शनिवारची सकाळ म्हणजे साफसफाईची सकाळ. आई कुणाला हाक मारत नाही, गादीतून ओढून काढत नाही. ती फक्त गाणी मोठ्यानं लावते आणि फिनेलची बाटली उघडते. गाणं आणि वास एकदम आले की अंथरुणातल्या प्रत्येकाला कळतं, आता सुटका नाही. ती गाणी बहुतेक घरांत ओझेलाची असत.

कार्यक्रमात तीनच गोष्टी. एक वस्तू, एक गाणं, एक सिनेमा.

वस्तू म्हणजे घरात घ्यावी अशी. केरसुणी, इस्त्री, बिडाचा तवा, साबण. तिचा नियम एकच होता. स्वतःच्या घरात महिनाभर वापरल्याशिवाय एका शब्दानं शिफारस करायची नाही. "या पाकिटावर लिहिलंय, रक्ताचे डाग गरम पाण्यात निघतात," ती एकदा म्हणाली होती. "लिहिणाऱ्यानं आयुष्यात कधी रक्त धुतलेलं दिसत नाही. गार पाणी घ्या गं बायांनो." ती पावडर त्या भागातल्या दुकानांतून दोन महिन्यांत दिसेनाशी झाली.

गाणं म्हणजे आजी आणि नात एका खोलीत बसून ऐकू शकतील असं. कुणी आपल्या घरच्यांनी म्हटलेल्या गाण्याची टेप आणून दिली, तर ओझेला तीही लावायची. कुणाच्या मावश्या, कुणाचे मामा. सुरुवात मात्र तिच्याच घरच्या तबकडीनं व्हायची. तिचे वडील एझरा आणि तीन काका आर्कान्सातल्या एका जत्रेत, पैसे टाकले की गाणं तबकडीवर उतरवून देणाऱ्या लाकडी खोक्याएवढ्या खोलीत घुसून गायले होते, त्याची ती एकुलती एक तबकडी. ओझेला ती उशीच्या अभ्र्यात घालून न्यायची. अभ्रा दर आठवड्याला धुतलेला, इस्त्रीचा.

आणि सिनेमा. आपल्या काळ्या लोकांवरचा कुठलाही सिनेमा गावात आला की ही पहिल्या दिवशी पहिल्या रांगेत. महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात पांढरी चादर बांधून ती स्वतः सिनेमे दाखवायची. तिची पारखही तिचीच होती. कथा, नट, बक्षिसं गेली खड्ड्यात. ती आधी त्या घरातली शेगडी बघायची. शेगडीवर तळणीची चरबी साठवायचा डबा आहे का? "ज्या सिनेमात आपल्या बाईच्या शेगडीवर चरबीचा डबा नाही," ती सांगायची, "तो सिनेमा काढणाऱ्यानं आपलं स्वयंपाकघर फक्त खिडकीतून बघितलंय." लोक हसायचे, पण सिनेमाला गेल्यावर शेगडीच बघायचे. तिनं सगळ्या वस्तीचे डोळे बिघडवून ठेवले होते.

"हे एवढंच वाचायचं आहे." लमारनं खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. "तीन ओळी. 'हा हीटर माझ्या घरात आहे. माझ्या घरात ऊब आहे. तुम्हीही क्रॅनमरच्या दुकानातून आजच घेऊन या.'"

"पहिली ओळ खरी आहे," ओझेला म्हणाली.

"मिस ओझेला, मी गंमत करत नाहीये. स्टेशन विकलं गेलंय. नव्या मालकाला जाहिराती पाहिजेत. क्रॅनमर आहे म्हणून स्टेशन आहे. तो गेला की सगळं बंद. तुमचा तास, रविवारचं प्रवचन, सगळं. मग काय राहील?"

"शांतता राहील. शांततेनं कुणाचं घर पेटत नाही."

"पेटायची गोष्ट कुठून आली? मी स्वतः आईला एक नेऊन दिलाय. मी काय माझ्या आईच्या जिवावर उठलोय?"

ओझेला बशी उचलत होती, ती तशीच थांबली. "क्लोटीला? तू क्लोटीला क्रॅनमरचा हीटर नेऊन दिलास?"

"तिच्या झोपायच्या खोलीत लावून दिला. का?"

तिनं बशी मोरीत ठेवली आणि नळ सोडला. बशी एका मिनिटात स्वच्छ झाली होती, तरी ती धूत राहिली.

"उद्या वाचा," लमार मागून म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "नाही वाचलंत तर मला तो तास दुसऱ्या कुणाला द्यावा लागेल. तुमच्याशी असं बोलायला मला आवडत नाही."

"मग नको बोलूस."

पण उरलेला पाव तिनं चांदीच्या कागदात गुंडाळून त्याच्या हातात दिलाच. क्लोटीचा मुलगा होता तो.

तो दारातून बाहेर पडला आणि तिनं फोन फिरवला.

"क्लोटी, तो हीटर काढ. आत्ता, बोलता बोलता काढ."

"काढला कधीच," क्लोटी पलीकडून म्हणाली. "पहिल्याच दिवशी वास आला. कोपऱ्यात उभा करून त्यावर चादर टाकलीय. पोरगा आला की चादर काढते, गेला की टाकते. इतक्या हौसेनं आणलाय मेल्यानं."

"त्याला सांग ना मग."

"काय सांगू? एक सांगितलं की सगळंच सांगावं लागेल." क्लोटीनं विषय बदलला. "उद्या काय बोलणार आहेस?"

"ठरलं नाही अजून."

"खोटं. तुझं ठरलेलं असलं की तू हळू बोलतेस." आणि क्लोटीनं फोन ठेवला.

या दोघींमधे एक गोष्ट होती, आणि ती दोघींशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. एकोणीसशे एकाहत्तर साली ओझेलाचा कार्यक्रम तीन वर्षांचा होता. क्रॅनमरच्या दुकानात तेव्हा रॉकेलचे हीटर आले होते आणि थोरल्या क्रॅनमरनं स्टेशनला सांगून पाठवलं होतं, त्या बाईला दोन शब्द बोलायला सांगा. ओझेलानं तो हीटर डोळ्यांनीही बघितला नव्हता. तरी ती बोलली. घ्या, चांगला आहे, असं बोलली. तिच्या शब्दावर क्लोटी गेदरनं तो घेतला आणि आठव्या दिवशी तो तिच्या स्वयंपाकघरात भडकला. तीन घरं पलीकडून ओझेला धावत गेली, तेव्हा क्लोटीचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. छोटा लमार आजीकडे होता म्हणून वाचला.

हॉस्पिटलात नर्सनं विचारलं, कशानं भाजलं? ओझेलानं तोंड उघडलं, पण क्लोटी तिच्या आधी बोलली. "शेगडीवरची चरबी भडकली. माझाच गाढवपणा."

नंतर ओझेला तिच्या उशाशी रडायला लागली तेव्हा क्लोटी तिच्यावर खेकसली होती. "गप्प बस. चोवीस तासांतला आपला एक तास आहे रेडिओवर, तोही आठवड्यातून एकदा. खरं कळलं तर क्रॅनमरचं काही जाणार नाही, तुझा तास जाईल. तो काय मी माझ्या हातानं घालवू? हात एक गेला तेवढा पुरे."

तेव्हापासून क्लोटी लांब बाह्यांचे कपडे घालते. जुलैच्या उन्हात, चर्चच्या सहलीत, नातेवाइकांच्या मेळाव्यातही. तेव्हापासून ओझेलाचा महिन्याचा नियम आहे. आणि ओझेला रेडिओवर चरबीच्या डब्याची गंमत करते तेव्हा साऱ्या वस्तीत क्लोटी एकटी हसत नाही असं लोकांना वाटतं. खरं तर तीच सगळ्यात जास्त हसते, पण घरात, एकटी.

शनिवारी ओझेलानं ओठांना लाली लावली. रेडिओवर कोण बघतंय, असं तिची मुलगी अटलांटाहून फोनवर सव्वीस वर्षं म्हणत आली होती. अभ्र्यातली तबकडी छातीशी धरून ती स्टेशनात गेली. लमार काचेपलीकडे बसला होता. ती आत शिरताना त्यानं मान खाली घातली. तिच्या माइकसमोर तो तीन ओळींचा कागद ठेवलेला होता.

आठ वाजता वडील आणि काका गायले. खरखर पुष्कळ, सूर थोडा, पण धाकट्या काकाचा आवाज खालून येऊन सगळ्यांना उचलून घ्यायचा तो अजूनही घ्यायचा. तबकडी संपली. ओझेला माइककडे झुकली.

"उठा. झोपलेले असाल तर उठा, आणि उठलेले असाल तर त्या सोफ्याखालीही केर काढा, मला माहीत आहे तुम्ही काढत नाही. आजची वस्तू आहे क्रॅनमरच्या दुकानातला हीटर. विजेचा. पिवळ्या खोक्यातला. माझ्यासमोर एक कागद ठेवलाय. त्यावर लिहिलंय की तो माझ्या घरात आहे. आहे. त्यावर लिहिलंय की माझ्या घरात ऊब आहे. तीही आहे. माझ्या भिंतीवर काळा डाग आहे, तो कागदावर नाही."

काचेपलीकडे लमार उभा राहिला.

"प्लगला हात लावून बघा. आता, या मिनिटाला. गरम असेल तर काढा. घरातल्या तारा जुन्या आहेत म्हणून तुम्हाला कुणी सांगेल. मग त्यांना विचारा, जुन्या तारांच्या घरात हा हीटर विकायला कुणी पाठवला? तुम्ही म्हणाल, ही म्हातारी आज एवढी का भडकली? सांगते. तेवीस वर्षांपूर्वी मी याच खुर्चीत बसून न वापरलेल्या वस्तूला चांगलं म्हटलं. एका बाईनं माझं ऐकलं. ती भाजली. तिनं कुणाला सांगितलं नाही, का, तर माझा हा तास राहावा म्हणून. तो राहिला. तिच्या कातडीवर राहिला. आता तोच तास वाचवायला मी दुसऱ्या कुणाला भाजून घ्यायला सांगू? नाही सांगणार. तास घ्या काढून. हीटर घ्या, त्या दुकानात परत"

प्रसारण चालू असल्याचा लाल दिवा विझला. तिच्या कानांवरच्या हेडफोनमधे एक पुरुष सोफासेटवरच्या सवलतीबद्दल हसत हसत बोलायला लागला. क्रॅनमरचीच जाहिरात होती.

ओझेलानं तबकडी उचलली, कडेला फुंकर घातली आणि अभ्र्यात घातली. लमार दार उघडून आत आला. त्याचं तोंड घामेजलं होतं.

"कोण होती ती बाई?"

"ते सांगायचं ती ठरवेल."

"तुम्ही काय केलंत कळतंय का तुम्हाला? धाकटा क्रॅनमर फोनवर आहे. मला दुकानात बोलावलंय. काय सांगू मी त्याला?"

"प्लगला हात लावून बघायला सांग," ओझेला म्हणाली आणि कोटाची बटणं लावली.

घरी येताना तिला रस्ता लांब वाटला. नोव्हेंबरचा वारा नदीवरून येत होता. आपला शेवटचा शनिवार असा अर्ध्या वाक्यात तुटेल असं तिला कधी वाटलं नव्हतं, आणि त्याचं तिला वाईट वाटत होतं, खूप वाईट वाटत होतं. एका घराच्या पायऱ्या धुणारी बाई थांबली आणि ओरडून म्हणाली, "मिस ओझेला, गाणं राहिलं आणि सिनेमा राहिला." ओझेलानं नुसता हात हलवला.

तिच्या दारात क्लोटी उभी होती. पायाशी बाजाराची चाकांची ढकलगाडी, गाडीत पिवळं खोकं.

"किती वेळ लावलास," क्लोटी म्हणाली. "चल."

"कुठे?"

"परत द्यायला. तूच सांगितलंस ना रेडिओवर? की ते फक्त बाकीच्यांसाठी होतं?"

"क्लोटी, लमार तिथेच आहे. दुकानात."

"चांगलं आहे. दोनदा सांगायला नको."

क्रॅनमरच्या दुकानात शनिवारची गर्दी अजून झाली नव्हती. धाकटा क्रॅनमर काउंटरमागे होता. गोरा, नीटनेटका, चाळिशीचा, वडिलांचंच नाक. काउंटरच्या अलीकडे लमार टोपी हातात घेऊन उभा होता आणि "होय सर, पुन्हा होणार नाही सर," असं काहीतरी म्हणत होता. ढकलगाडीचं एक चाक कुरकुरायचं. त्या आवाजानं त्यानं मान वळवली.

"आई? तू कशाला आलीस?"

क्लोटीनं त्याला उत्तर दिलं नाही. खोकं तिनं स्वतः उचलून काउंटरवर ठेवलं, ओझेलाला हात लावू दिला नाही.

"हा परत घ्या."

धाकट्या क्रॅनमरनं आधी ओझेलाकडे बघितलं, मग खोक्याकडे. तो शांतपणे बोलला, गिऱ्हाइकाशी बोलावं तसा. "बाई, परत घेण्याचे काही नियम असतात. पावती आहे का?"

"पावती माझ्याकडे," लमार घाईनं म्हणाला, "पण सर, मी"

"आहे," क्लोटी म्हणाली.

तिनं कोट काढला. तो उजव्या हातावर टाकला. मग ब्लाउजच्या डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही एकेक घडी करत कोपराच्या वर चढवली. तेवीस वर्षांत तो हात उघड्यावर कुणी बघितला नव्हता, मुलानंही नाही. कातडी कुठे गुलाबी होती, कुठे काळसर, कुठे दोरीसारखी आवळलेली. क्लोटीनं तो हात काउंटरवर, पिवळ्या खोक्याशेजारी ठेवला.

"ही घ्या पावती. एकोणीसशे एकाहत्तरची आहे. याच दुकानाची. रॉकेलचा हीटर होता, तुमच्या वडिलांनी स्वतः गाडीत ठेवून दिला होता. नीट वाचा."

सोफ्यावर बसून बघणारं एक जोडपं उठून उभं राहिलं.

"आई, पण तो तर चरबीचा डबा होता ना," लमार म्हणाला.

"नव्हता." क्लोटी त्याच्याकडे वळली. तिचा आवाज एकदम मऊ झाला. "तू तेव्हा सहा वर्षांचा होतास. तुला आणि सगळ्या गावाला तेच सांगितलं. माझ्या शेगडीवरचा डबा कधी भडकला नाही, बाळा. माझी शेगडी स्वच्छ असते."

धाकटा क्रॅनमर बराच वेळ त्या हाताकडे बघत होता. मग त्यानं खोकं आपल्या बाजूला ओढून घेतलं. माफी मागितली नाही. पण खोकं ओढून घेतलं.

दार उघडलं आणि दोन बायका आत आल्या. एकीच्या काखेत पिवळं खोकं होतं, दुसरीनं हीटर तसाच उचलून आणला होता, वायर लोंबकळत होती. त्यांच्यामागे आणखी कुणीतरी पायऱ्या चढत होतं. ओझेला बाजूला झाली आणि त्यांना काउंटरपाशी जागा करून दिली.

तिचा तास गेला. सोमवारी लमारनंच तिला फोन करून सांगितलं आणि सांगताना त्याला रडू आलं. पण ते सोमवारचं. शनिवारी त्या दोघी रिकामी ढकलगाडी घेऊन घराकडे निघाल्या तेव्हा लमार मागून आला, त्यानं आईच्या हातातून गाडी घेतली आणि टोपी न घालता त्यांच्या चार पावलं मागे चालत राहिला. गाडीचं चाक कुरकुरत होतं.

"गाणं राहिलं आणि सिनेमा राहिला," क्लोटी म्हणाली. "कुठला सांगणार होतीस?"

"दोघी बहिणी धुलाईचं दुकान चालवतात, तो."

"डबा आहे का त्यात?"

"आहे. झाकण थोडं वाकडं आहे. काढणाऱ्याला सगळं ठाऊक आहे."

"मग जाऊ आपण."

समोरून वारा आला आणि ओझेलानं गळ्याशी कॉलर धरली. "क्लोटी, कोट घाल. गारठशील."

"घालते," क्लोटी म्हणाली. "कोपऱ्यापर्यंत जाऊ दे."

कोपरा आला, मागे पडला. पायऱ्या धुणाऱ्या बायका हातातलं काम थांबवून बघत होत्या. क्लोटी त्यांच्यासमोरून डावा हात उघडा ठेवून चालत गेली, कोट तिच्या उजव्या हातावर तसाच होता.